सिल्डाव्हियाचा परराष्ट्रव्यवहार

युरोपाच्या कोणत्याही नकाशात न सापडणारे, तथापि ज्याची तवारीख कित्येक खऱ्या संस्थानांच्या बखरींहून नेटकी आहे, असे सिल्डाव्हिया नामक बाल्कन राज्य एर्जे या बेल्जियन चित्रकथाकाराने १९३८ साली निर्माण केले. त्याच्या चित्रकथांचा नायक टिनटिन विमानात जे माहितीपत्रक वाचतो, त्याप्रमाणे या राज्याची लोकसंख्या ६,४२,०००, राजधानी क्लोव आणि निर्यात गहू, खनिजजल, सरपण, घोडे व व्हायोलिनवादक यांची. (व्हायोलिनवादकांवर जकात किती, याविषयी पत्रककर्ता मौन पाळतो.)

या राज्याचे परराष्ट्रधोरण म्हणजे शेजारच्या बोर्डुरियाचे भय, याहून निराळे काही नव्हे. ११९५ साली बोर्डुरियाने हा मुलूख घशात घातला. १२७५ मध्ये एका सरदाराने परचक्र हुसकावून लावले आणि पुढे पहिला ओटोकार म्हणून तोच तख्तनशीन झाला. १३७० साली चौथ्या ओटोकारने तख्तावर हक्क सांगणाऱ्या सरदाराला राजदंडाच्याच तडाख्याने लोळविले. तेव्हापासून ज्याच्या हाती राजदंड तोच राजा, असा दंडक पडला. आणि ज्या वस्तूत राज्याचा प्राण, तीच पळविली म्हणजे युद्धावाचून राज्य गिळता येते, हे शत्रूच्या ध्यानात येणे ओघानेच आले.

‘ओटोकारचा राजदंड’ ही कथा ऑगस्ट १९३८ ते ऑगस्ट १९३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्या प्रारंभापूर्वी पाचच महिने हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. ती चालू असतानाच म्युनिकचा करार झाला, प्राग पडले, आणि इटलीची फौज उतरताच आल्बेनियाचा राजा झोग परागंदा झाला. मुसोलिनी व हिटलर या दोन नावांच्या सांध्यातून घडविलेला म्यूस्टलर पडद्याआड राहून ज्या फितुरीची सूत्रे हलवितो, ती वाचकाला दैनिकांतून रोजच परिचित होत होती. फरक इतकाच, की राजा बारावा मुस्कर याला राजदंड वेळेवर परत मिळतो आणि बोर्डुरिया आपले सैन्य सरहद्दीपासून मागे घेतो. प्रागला असा कैवारी कोणी लाभला नाही.

युद्धोत्तर सिल्डाव्हिया मात्र पूर्वीचा भाबडा राहिलेला नाही. १९५० साली सुरू झालेल्या चंद्रकथेत अग्निबाणाचा कारखाना त्याच्याच डोंगरांत उभा आहे; आणि १९५४ ते १९५६ मधील कथेत टिनटिनचा स्नेही प्रोफेसर कॅल्क्युलस याच्या विध्वंसक संशोधनासाठी प्लेक्सी-ग्लाड्झ या मिशाळ हुकूमशहाच्या बोर्डुरियाचे हेर जिनिव्हाच्या आसमंतात त्याला पळविण्याची जी दांडगाई करतात, तीत सिल्डाव्हियाचेही हेर तितक्याच निर्लज्जपणे सामील होतात. राजदंडाची पूजा करणाऱ्या दरबाराने माणूस पळवावा, ही अधोगती एर्जेने कसलेही भाष्य न करता दाखविली, आणि माझ्या मते त्याची प्रगल्भता याच ठिकाणी प्रत्ययास येते. त्या संशोधनाचे आराखडे अखेर कोणत्याच दरबाराच्या हाती पडले नाहीत. कॅल्क्युलसने ते स्वतःच जाळून टाकले, आणि या दोन शेजाऱ्यांच्या साऱ्या व्यवहारात शहाणपणाची म्हणावी अशी ती एकच कृती, तीही तिऱ्हाइताची.