उलट्या स्वल्पविरामांची कूळकथा

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते: ही सेड दॅट "आय विल कम टुमारो". "दॅट" असेल तर अवतरणचिन्हे नकोत, आणि चिन्हे असतील तर "दॅट" नको, हा नियम विद्यार्थी पाठ करतात व पेपरात विसरतात. हा केवळ आळस म्हणता येणार नाही. घरी आपण उर्दू बोलू, कोकणी बोलू किंवा मराठी, "तो म्हणाला की मी उद्या येतो" असेच म्हणतो. "की" आला तरी बोलणाऱ्याचा "मी" जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र "दॅट" आला की त्या "मी"चा "तो" करावा लागतो. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे असतील, तर त्यांना कुंपण लागते. ते कुंपण म्हणजे अवतरणचिन्हे. नियम घोकण्यापूर्वी हे कुंपण कोणी व कशासाठी घातले, ते पाहावे.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात ॲरिस्टार्कस नावाचा विद्वान होमरच्या काव्याची पोथी शुद्ध करीत असे. लक्ष देण्याजोग्या ओळीशेजारी, समासात, तो बाणाच्या टोकासारखी खूण करी. तिला ग्रीक लोक डिपली म्हणत. पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी ही खूण उचलली आणि धर्मग्रंथातील वचन आले की समासात घातली. सेव्हिल शहराचा (पुढे अरबांनी ज्याला इश्बिलिया म्हटले) बिशप इसिडोर याने सातव्या शतकात हा रिवाज नोंदवून ठेवला आहे. हेतू सरळ होता: ग्रंथातले वचन कोणते आणि भाष्यकाराचे शब्द कोणते, यांची गल्लत होऊ नये. आपल्याकडील तफसीरच्या अनेक हस्तलिखितांत मूळ आयत तांबड्या शाईने लिहीत किंवा तिच्यावर रेघ ओढीत, तेही याच काळजीपोटी.

छापखाने आले तेव्हा प्रत्येक खुणेसाठी वेगळा खिळा पाडणे परवडेना. स्वल्पविरामाचा खिळा मात्र हाताशी होता. खिळे जुळवणाऱ्यांनी तोच उलटा बसवला आणि इंग्रजीत "उलटे स्वल्पविराम" हे नाव रूढ झाले. (उर्दूत याच चिन्हांना "वावैन", म्हणजे दोन वाव, म्हणतात. वाव हे अक्षर स्वल्पविरामासारखेच दिसते!) पण त्या काळी या चिन्हाचा अर्थ "कोणीतरी बोलत आहे" असा ठरलेला नव्हता. १६०३ साली छापलेल्या "हॅम्लेट"च्या पहिल्या आवृत्तीत म्हातारा दरबारी मुलाला उपदेश करतो, त्या ओळींच्या आरंभी ही चिन्हे आहेत. नाटकात सारेच बोलत असतात. मग याच ओळींना चिन्हे का? तर ही सुभाषिते आहेत, वहीत उतरवून घ्या, असे वाचकाला सुचविण्यासाठी. याउलट १६११ च्या इंग्रजी बायबलात संवाद पानोपानी असूनही अवतरणचिन्ह एकही नाही. स्वल्पविराम दिला आणि पुढचे अक्षर मोठे काढले, एवढ्यावर भागले.

खरी गरज अठराव्या शतकात, कादंबरीमुळे पडली. पानभर दोघे-तिघे बोलत असले की कोणाचे बोलणे कोठे संपले हे वाचकाला कळेना. मुद्रकांनी आडवी रेघ वापरून पाहिली, तिरपी अक्षरे वापरली, बोलणे चालू असेपर्यंत प्रत्येक ओळीच्या आरंभी उलटे स्वल्पविराम दिले. पुढे ही ओळीओळीची चिन्हे मागे पडली; उघडणारे एक व मिटणारे एक, एवढेच राहिले. जुन्या रिवाजाचा अवशेष मात्र टिकला आहे. एकाच माणसाचे बोलणे अनेक परिच्छेद चालले, तर चिन्ह प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी उघडतात. मिटतात ते शेवटच्या परिच्छेदाअखेर. मुलांना हा नियम विचित्र वाटतो. इतिहास सांगितला की पटतो, असा माझा अनुभव आहे.

एकेरी चिन्ह की दुहेरी, यावर भांडण्यात अर्थ नाही. इंग्लंडातील पुष्कळ प्रकाशक आधी एकेरी वापरतात व आतल्या अवतरणाला दुहेरी. अमेरिकेत बरोबर उलट. पूर्णविरामाचेही तसेच. अमेरिकन मुद्रक तो नेहमी चिन्हाच्या आत घालतात. इंग्लंडात फाउलर बंधूंनी १९०६ च्या आपल्या पुस्तकात आग्रह धरला की, विराम उद्धृत शब्दांचा असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर. मला फाउलरांचे म्हणणे रास्त वाटते. विद्यार्थ्यांनी कोणतीही एक रीत धरावी. एका निबंधात दोन नकोत. आणि शब्दावर भर देण्यासाठी ही चिन्हे वापरू नयेत. दुकानाच्या पाटीवर "ताजे" दूध असे लिहिले की ते शिळे असावे अशी शंका येते.

गाईडातून घेतलेले वाक्य आपले म्हणून निबंधात घालणे ही आजची मोठी खोड आहे. वाक्य आवडले तर जरूर घ्यावे, पण एकही शब्द न बदलता, चिन्हांत, आणि कोणाचे ते सांगून. पालकांना इंग्रजी येत नसले तरी थोडी तपासणी घरी करता येईल. निबंधाची वही घ्यावी व उघडलेली चिन्हे आणि मिटलेली चिन्हे मोजावीत. संख्या जुळली नाही, तर बोलणे कोठे संपते ते मुलालाच दाखवायला सांगावे.