भानूताई, परळची होळी आणि आपली ट्रंक

१५ ऑक्टोबर २०२०. कोरोनाचे दिवस, गर्दी करायची सोय नव्हती. त्या दिवशी चंदनवाडीत एका ९१ वर्षांच्या बाईंवर अंत्यसंस्कार झाले. भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देणाऱ्या भानू अथैया. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, आपण 'आरआयपी' लिहिलं आणि विसरलो.

बाई आपल्याच. माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९ चा, कोल्हापूरचा. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांशी जोडलेले. ते लवकर गेले. मुलगी मुंबईला आली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पुढे मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं केली आणि तिथून सिनेमात आली. 'श्री ४२०', 'आम्रपाली'... यादी मोठी आहे.

पण मला आज बोलायचंय ते 'गांधी'बद्दल.

लोक म्हणतात, पंचाच तर नेसवायचा होता, त्यात काय डिझाइन? अहो, तिथेच तर गोम आहे! १८९३ चा सुटाबुटातला बॅरिस्टर. ९ जानेवारी १९१५ ला अपोलो बंदरावर उतरलेला काठियावाडी फेटेवाला. आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत बाकी सगळं उतरवून फक्त पंचा ठेवणारा माणूस. या माणसाचं राजकारण त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं. कपडा एक वर्ष इकडेतिकडे झाला, तर इतिहास खोटा पडतो.

आणि एकट्या गांधींचे कपडे थोडेच होते! आजूबाजूला वकील, शेतकरी, मजूर, पुढारी, बायका. अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीच्या राजपथावर चित्रित झालं, तेव्हा तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. १९८१ च्या माणसांतून १९४८ उभं करायचं होतं! भानूताईंबरोबर हा सन्मान वाटून घेणारे जॉन मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार, 'स्टार वॉर्स'साठी आधीच ऑस्कर मिळवलेले. दोघांना मिळून १९८३ साली पुरस्कार मिळाला. पुढे 'लगान'मध्ये भानूताईंनी १८९३ चं गाव आणि छावणी उभी केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

आता हे आपल्या दारात आणू. 'गांधी'त परदेशी कापडाच्या होळीचं दृश्य आहे, आठवतंय? अशी खरी होळी ३१ जुलै १९२१ ला आपल्या परळला पेटली होती, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, गांधीजींच्या हस्ते. मिल उमर सोबानींची. म्हणजे गिरणीमालकच आपल्या आवारात कापड जाळायला देतोय! पुढे १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू, तोही गिरणी कामगारच. कपड्यासाठी जीव देणारं हे शहर आहे, मंडळी.

पण त्या वेळी लालबाग-परळचा कामगार रोज काय घालून पाळीवर जायचा? त्याची टोपी कशी, सदऱ्याचं कापड कुठलं, बायको कुठलं लुगडं नेसायची? राजेरजवाड्यांच्या पैठण्या काचेच्या कपाटात मिळतील. कामगाराचा सदरा मात्र फाटेपर्यंत वापरला, मग त्याचं फडकं झालं, गोधडी झाली. जपला कोणी नाही. काळाचौकीच्या मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, हे आपण किती वर्षं ऐकतोय!

भानूताईंनी २०१२ मध्ये आपलं ऑस्कर परत अमेरिकेत अकॅडमीकडे ठेवायला दिलं. इथे ते सुरक्षित राहील याची खात्री त्यांना वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतंच. राग त्यांच्यावर काढू नका. आपल्याकडे बघा. ज्या बाईंनी आयुष्यभर आपला भूतकाळ शिवला, तिला आपल्या घरावर भरवसा वाटला नाही.

म्हणून एवढंच करा. माळ्यावरची ट्रंक उघडा. आजोबांची टोपी, आजीचं लुगडं, गिरणीतला जुना डगला, काही असेल तर टाकू नका. फोटो काढा, कोणाचं, कधीचं, कुठल्या कापडाचं, ते मागे लिहून ठेवा. घरात सांगणारं म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा.

आणि सापडलं काही, तर खाली कमेंटमध्ये नक्की टाका. बघूया, गिरणगावाच्या अंगावर काय होतं ते.