लुगडं कामाचं, मोती दर्याचा



परवा आमच्या गटाच्या बैठकीत एका मुलीने मला विचारलं, "मावशी, कॉलेजच्या गॅदरिंगला कोळीनृत्य बसवलंय. कोळणीचा ड्रेस भाड्याने कुठे मिळेल?" तिची आजी शेजारीच बसली होती, कासोटा घालून नेसलेल्या लुगड्यात. आजी म्हणाली, "माझंच ने की. भाडं मला दे." सगळ्या पोट धरून हसल्या.

हसू मलाही आलं, पण घरी जाताना ती गोष्ट मनात राहिली. स्टेजवर त्या लुगड्याला टाळ्या पडतात. तेच लुगडं नेसून, मासळीची पाटी घेऊन आजी एसटीत चढली की लोक नाकाला रुमाल लावतात. म्हणून आज आपल्या किनाऱ्यावरच्या बायांच्या नेसण्याचा आणि दागिन्यांचा इतिहास सांगायचा आहे. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या मांगेला आणि कोळी बायांचा तर तो आहेच, पण तलासरीकडच्या वारली बायांचाही आहे.

आधी लुगडं. होडी किनाऱ्याला लागली की मासळी उतरवायला गुडघाभर पाण्यात आणि चिखलात जावं लागतं. डोक्यावर पाटी, पायाखाली घसरडं. पायघोळ साडी नेसून हे काम करून बघा! म्हणून लुगडं गुडघ्यापर्यंत, कासोटा मागे घट्ट खोचलेला आणि पदर कमरेला आवळलेला. दोन्ही हात मोकळे, दोन्ही पाय मोकळे. तलासरीची वारली बाई आवणीच्या चिखलात उतरते तेव्हा तिचंही लुगडं गुडघ्याच्या वरच असतं. एक चिखल खारा, दुसरा गोडा. दोघींना नेसणं शिकवलं ते कामाने. कुणी शिंप्याने किंवा दुकानदाराने नव्हे.

आता सोनं. कोळी-मांगेला बाईला नटण्याची हौस फार, असं लोक म्हणतात. हौस आहेच, आणि का नसावी? पण त्यामागे हिशोबही आहे. पुरुष दर्यावर जातात. मासळी निवडणं, वाळवणं, बाजारात नेऊन विकणं हे बायांचं काम. त्यामुळे रोख पैसा बाईच्या हातात येतो. बऱ्याच घरांना शेतजमीन नाही. होडी आणि जाळं तर वादळाच्या मर्जीवर. मग चार पैसे उरले की ठेवायचे कुठे? अंगावर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. हल्ली सरकारी बंदीच १ जून ते ३१ जुलै असते. त्या दिवसांत दागिना गहाण जातो आणि हंगाम लागला की सुटून येतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायला बाया नटून निघतात, तेव्हा गळ्यात असते ती तिची बँक. बचत गट आपण आता काढले. आपल्या आज्या बचत गळ्यात घालून हिंडत होत्या.

हे दागिने आले कुठून? इथे समुद्राची दुसरी बाजू दिसते. आपला किनारा फार जुन्या वाटेवर आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने या समुद्राची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचं नाव आहे, कल्याणचं आहे आणि वर गुजरातेतल्या भडोचचंही आहे. तेर इथून सुती कापड बैलगाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. उलट येणाऱ्या मालाच्या यादीत एक ओळखीची वस्तू आहे: पोवळं. आपल्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये लाल पोवळं ओवतात ना, तेच. ते भूमध्य समुद्रातून येत होतं. आपलं कापड तिकडे, त्यांचं पोवळं इकडे!

आपल्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात लिहिलंय की संजाणच्या मुलखाचा कारभार तेव्हा एक अरब मुसलमान अधिकारी पाहत होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं, म्हणजे महंमद. त्याने लोकांसाठी नदीवर फुकट तर आणि गावात अन्नछत्र सुरू केलं, अशी त्यात नोंद आहे. संजाण म्हणजे तलासरीची हद्द ओलांडली की लगेच पलीकडे. हजार वर्षांपूर्वी तिथे इतकी ये-जा होती, तर माल आणि माणसांबरोबर नवे दागिनेही येणारच.

नथीचंच बघा. नथ म्हटली की आपल्याला वाटतं, ही तर पहिल्यापासूनची. पण इतिहासकार अ. स. आळतेकर यांनी दाखवून दिलं की जुन्या संस्कृत ग्रंथांत आणि जुन्या मूर्तींत नाकातला दागिना सापडत नाही. तो पुढे बाहेरून आला. आणि मराठी बायांनी तो इतका आपलासा केला, त्यात मोती असे गुंफले, की आज नथीशिवाय नवरी उभी राहत नाही. परंपरा अशीच घडते. समुद्र वस्तू आणून टाकतो, त्यातलं काय घ्यायचं आणि कसं मिरवायचं हे बाया ठरवतात.

नेहमीच त्यांना ठरवू दिलं गेलं असं मात्र नाही. पारशी लोक इराणातून होडीने संजाणला उतरले, त्याची गोष्ट 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. ते १६०० च्या सुमारास लिहिलं गेलं. त्यात राजा त्यांना आसरा देताना अटी घालतो. हत्यारं टाका, इथली भाषा बोला, आणि तुमच्या बायांनी इथल्या बायांसारखं नेसावं. बघा, दूरदेशाहून जीव वाचवून आलेली माणसं, आणि अट काय, तर बायांनी काय नेसावं! पुढे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करू लागले. तिथून रेशमावर पक्षी, फुलं भरलेलं कापड आलं आणि पारशी बायांनी त्यातून आपली 'गारा' साडी घडवली. नेसायची सक्ती झालेल्या साडीवर त्यांनी स्वतःची हौस भरली.

आता शेवटची गोष्ट मोत्याची, आणि ती माझ्या घरातली आहे.

जुन्या नथीतल्या चांगल्या मोत्यांना बसरा मोती म्हणतात. हे मोती इराणच्या आखातातले, बहारीन-कुवेतकडचे. पाणबुडे श्वास रोखून खोल बुडी मारत आणि शिंपले वर आणत. त्या मोत्यांचा मोठा बाजार आपल्या मुंबईत होता. पुढे जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती 'पिकवायला' सुरुवात केली. १८९३ मध्ये त्यांना पहिलं यश मिळालं. १९३० च्या सुमारास असे मोती ढिगाने बाजारात आले आणि आखातातला धंदा बसला. बुडी मारणारे उपाशी राहिले. इकडे साध्या घरातल्या बाईलाही मोती परवडू लागला. एका किनाऱ्याची हौस अशी दुसऱ्या किनाऱ्याच्या घामाला बांधलेली असते.

माझ्या आजीची नथ जुनी होती. वडिलांच्या आजारपणात ती विकायला काढली. दुकानदाराने सोन्याची तार सोडवली, तिचं वजन केलं आणि तेवढेच पैसे दिले. मोती एका पुडीत बाजूला ठेवले. आई म्हणाली, "मोत्यांचं काय?" तो म्हणाला, "जुने आहेत, त्यांना किंमत नाही." आम्ही मान हलवून आलो. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की जुना नैसर्गिक मोती फार मोलाचा असू शकतो. ते मोती तसे होते का, हे आता कधीच कळणार नाही. कारण आम्ही विचारलंच नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. मोती दातावर हलका घासला की खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो. पण खरा मोती नैसर्गिक की पिकवलेला, हे दाताला कळत नाही. त्याला रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक्स-रे काढावा लागतो. घरातली जुनी नथ विकायची वेळ आलीच, तर आधी तपासून घ्या. निदान मोती तरी परत मागून घ्या.

आणि आपल्या मुलींना जीन्स घालू दे, गाऊन घालू दे. आपल्या आज्यांनीही दूरवरून आलेलं पोवळं आणि मोती आवडीने घातलेच ना? फक्त पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या म्हातारीला बरोबर आणा. तिचं लुगडं ती कसं नेसते, कोणता दागिना कोणत्या हंगामाच्या पैशातून केला आणि कोणत्या पावसाळ्यात मोडला, हे तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कुठल्याही ताम्रपटावर हे लिहिलेलं नाही.

त्या मुलीने अखेर आजीचंच लुगडं नेलं. कासोटा आजीनेच घालून दिला. आणि भाडंही घेतलं हो, रोख!