वखार, गिरणी आणि गाळा

सुरतेहून जळगावच्या दिशेने निघालेली गाडी उधना मागे टाकून पुढे सरकली की चलथाणचे स्थानक येते. तापीच्या खोऱ्यातील हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. पुढे याच मार्गाने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे सुरतेचे माग आणि कापड रंगविण्याचे कारखाने यांच्या आश्रयास आली. चलथाणास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना आहे, तर जवळच्या कडोदरा व पलसाणा या भागांत कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. ही धुराडी पाहताना आमच्या मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. धंदा उठून जातो, पण वास्तू मागे राहते; मग त्या वास्तूवर हक्क कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सुरतेइतके योग्य स्थळ दुसरे नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी येथे वखार घातली. तिला ते ‘फॅक्टरी’ म्हणत. परंतु तेथे चरक फिरत नव्हता की माग चालत नव्हता. व्यापाऱ्याचा मुनीम जेथे राहतो आणि माल साठवितो, ते घर म्हणजे फॅक्टरी, एवढाच त्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ. विशेष हे की, ते घर इंग्रजांच्या मालकीचे नव्हते. त्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरतेस राहिलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहून गेला आहे की, वास्तू बादशहाची असून इंग्रज तिचे भाडे देत, आणि ते भाडे बहुतांशी तिच्याच डागडुजीवर खर्च करण्याची त्यांस मुभा होती. भाडेकरूने वास्तू वापरावी आणि भाड्यातून वास्तू जगावी, असा हा साधा व्यवहार होता.

आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेव येथील त्यांची गिरणी १८५६ साली चालू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची जी वस्ती वाढली तिला लोकांनी गिरणगाव हे नाव दिले. रत्नागिरी, सातारा, गोमंतक येथून चाकरमानी आले. एकेका खोलीत गावचे दहा-बारा जण पाळीपाळीने निजत. पगारातून वर्गणी काढून त्यांनी गावाकडील देवळांचा जीर्णोद्धार केला. कोकणातील कित्येक देवळांच्या कळसावर गिरणीतील घामाचा अंश आहे, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि एक मालकास. २००१ साली नियम बदलला व वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल ग्राह्य धरला.

याच काळात लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचे रूप पालटले. १९०५ साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुकाने व करमणुकीची स्थळे थाटली जाऊ लागली. गिरणीची इमारत दुकानदारीस सोयीची असते, त्याला कारण आहे. यंत्रांचा भार पेलण्यासाठी खांब भक्कम, दालने लांबरुंद आणि छत उंच ठेवलेले असते. पुष्कळ गिरण्यांत करवतीच्या दात्यांसारखे छप्पर घालून उत्तरेकडचा सौम्य उजेड आत घेतलेला असतो. अशी दालने विकण्यापेक्षा गाळे पाडून भाड्याने देणे मालकास परवडते. ठराविक भाडे, किंवा विक्रीतील हिस्सा, अशी बोली होते आणि वास्तू मालकाकडेच राहते. फिनिक्सचे धुराडे त्या बाजारपेठेत राखले गेले. पण ज्यांनी त्याचा धूर पाहून पाळीची वेळ ओळखली, त्यांच्यापैकी किती जण त्याखाली खरेदीस जाऊ शकतील?

वास्तूचा वापर बदलला की तिची सुरक्षाही नव्याने तपासावी लागते, हा धडा कमला मिलच्या आवाराने दिला. तेथे गच्चीवरील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागून १४ माणसे मेली. भाड्याचा आकडा करारात लिहिला जातो. सुटकेची वाट मात्र प्रत्यक्ष मोकळी ठेवावी लागते.

विक्रीच्या जागेची निकड काय असते, हे गिरणगावास पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद पडला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळी बांधवांनी व विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीस नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली ‘लालबागच्या राजा’ची स्थापना झाली. आज जेथे लाखोंची रांग लागते, त्या देवाचे मूळ एका बाजाराच्या जागेत आहे. बाजार हा गिरणगावाचा शत्रू नव्हे. प्रश्न आहे तो बाजारात जागा कोणाला, याचा.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण देवस्थानांचे विश्वस्त आहेत. देवळाच्या आवारातील गाळे भाड्याने देताना ते जाणतात की जागा देवाची आहे, आपण केवळ राखणदार. त्या भाड्यातून दिवाबत्ती चालते, छप्पर शाकारले जाते आणि फुलवालीची जागाही राखली जाते. गिरणीचा मालक कायद्याने मालक असेल, परंतु तीन पिढ्यांच्या श्रमांनी उभी राहिलेली वास्तू ही काही अंशी ठेवच नव्हे काय?

तापीकाठच्या कारखान्यांवरही कधी ना कधी ही वेळ येईल. तेव्हा चलथाण, उधना येथील आमच्या बांधवांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : भाड्याचा काही वाटा वास्तूच्या निगेसाठी राखावा, काही गाळे जुन्या कामगारांच्या कुटुंबांस परवडणाऱ्या दराने द्यावेत, आणि कारखान्याच्या हजेरीवह्या रद्दीत न घालता जतन कराव्यात. दुकानांच्या पाट्या बदलत राहतील. त्या वह्यांतील नावे एकदा गेली की पुन्हा मिळावयाची नाहीत.