कोणत्या प्रदेशाची लेक?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सामान्य मतदाराला मत नसते. संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य मतदान करतात. मतदान गुप्त असते आणि पक्षादेशाचे बंधन नसते. अशा आटोपशीर मतदारवर्गात प्रादेशिक अस्मितेला वाव तो किती, असे वाटते. तरी २००७ च्या निवडणुकीत शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीत राहूनही आघाडीचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना मते न देता काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांना दिली. कारण सांगितले गेले ते एकच : उमेदवार मराठी आहे.

प्रतिभाताईंची प्रादेशिक ओळख मात्र एकपदरी नव्हती. जन्म खानदेशातला, १९६२ मधली पहिली आमदारकी जळगावची. सासर अमरावतीचे, १९९१ ची खासदारकीही तिथलीच. पती देवीसिंह शेखावत यांचे घराणे मूळचे राजस्थानातले, आणि उमेदवारीपूर्वी त्या राजस्थानच्याच राज्यपाल होत्या. म्हणजे त्या खानदेशच्या लेक, वऱ्हाडच्या सून आणि, आडनावाचा धागा धरला तर, प्रतिस्पर्ध्याच्याही प्रांताच्या. (दोन्हीकडे शेखावत असावेत, हा योग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.) या साऱ्यांतून 'मराठी' हे एकच विशेषण निवडले गेले. ही निवड आम्हांला महत्त्वाची वाटते.

यवतमाळातून पाहताना ती अधिक टोचते. अमरावती आमचा शेजारचा जिल्हा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये केंद्राने ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत हे दोन्ही जिल्हे होते. पण 'वऱ्हाडची सून' हे शिवसेनेच्या पाठिंब्याचे कारण होऊ शकत नव्हते. वेगळ्या विदर्भाला तिचा विरोधच होता. भाषेची अस्मिता पुढे आली, प्रदेशाची मागे राहिली. याच्या उलट चित्र आमच्या जिल्ह्याने पूर्वी पाहिले होते. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, ते विदर्भ राज्याची मागणी घेऊन. बापूजी मराठीच होते, आणि त्यांच्या मराठीपणाचा त्या मागणीला अडसर झाला नाही. तिथे मतदार प्रत्यक्ष जनता होती, हा भेद विसरून चालणार नाही.

आता हिशेब. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मते पडली, शेखावतांना ३,३१,३०६. खासदाराच्या मताचे मूल्य ७०८, महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे १७५. शिवसेनेचे २००४ मध्ये निवडून आलेले १२ लोकसभा सदस्य आणि ६२ आमदार सगळे धरले, तरी बेरीज १९,३४६ भरते. राज्यसभेतील मोजके सदस्य मिळवूनही तीन लाखांच्या फरकापुढे ती किरकोळच. अस्मितेने निकाल ठरवला नाही; तिने एका पक्षाला मित्रपक्षापासून दूर जाण्याचे सन्माननीय कारण पुरवले.

ते कारण होते की निमित्त? १९९७ मध्ये भाजपने के. आर. नारायणन यांना पाठिंबा दिला, तेव्हा शिवसेना टी. एन. शेषन यांच्या बाजूने उभी राहिली. शेषन जन्माने केरळातील पालघाटचे. २०१२ मध्ये भाजप पी. ए. संगमांकडे गेला आणि शिवसेना प्रणव मुखर्जींकडे. मुखर्जी बंगालचे, तिथे मराठीपणाचे कारण देण्याची सोयच नव्हती.