घर ऊबदार, जमीन गार

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक जानेवारीत याकुत्स्कला नेला, तर बऱ्याच दिवशी तो नुसता टांगून ठेवावा लागेल. पारा उणे ३८.८ अंश सेल्सिअसला गोठतो. पूर्व सायबेरियातल्या या शहराचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३७ ते उणे ४० अंशांच्या दरम्यान येते. नेमका आकडा कोणत्या वर्षांची सरासरी घ्याल त्यावर अवलंबून आहे. आपल्या घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांवर चालतो. म्हणजे तिथल्या माणसाने थंडीत ऊब घ्यायला त्या कप्प्यात शिरावे, असा हिशोब होतो! फेब्रुवारी १८९१ मध्ये तिथे उणे ६४.४ अंशांची नोंद झाली. तीन लाखांहून अधिक वस्ती असलेले हे शहर जगातल्या मोठ्या शहरांमध्ये सर्वांत थंड समजले जाते.

पारा गोठतो हे मुळात माणसाच्या लक्षात यायलाच वेळ लागला. योहान गेऑर्ग ग्मेलिन हा निसर्गवैज्ञानिक १७३५ च्या जानेवारीत सायबेरियातल्या येनिसेइस्क गावी होता. त्याच्या तापमापकाने उणे १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ८४ अंश सेल्सिअस दाखवले. त्याने ते तसेच लिहून ठेवले. प्रत्यक्षात नळीतला पारा घट्ट होऊन आकसला होता आणि आकसत खाली गेला होता. पुढे १७५९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ब्राउन या वैज्ञानिकाने बर्फ आणि नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात पारा गोठवून दाखवला, तेव्हा कुठे या आकड्याचा उलगडा झाला. उपकरण आपल्या मर्यादेबाहेर गेले तरी आकडा दाखवतच राहते, हे मुलांना सांगायला ही गोष्ट चांगली आहे.

पण मला इथे सांगायची आहे ती याकुत्स्कच्या घरांची गोष्ट. अशा गावाने हिवाळ्याची तयारी कशी करायची? पहिले उत्तर सुचते ते शेकोटीचे. भरपूर जाळा, दारे-खिडक्या बंद करा, घर गरम ठेवा. याकुत्स्कमध्ये मात्र हेच उत्तर पुढे घराच्या मुळावर आले.

तिथले मूळ रहिवासी साखा लोक. बाहेरचे लोक त्यांना याकुत म्हणत. ते गुरे आणि घोडे पाळत. उन्हाळ्यात कुरणाजवळ आणि हिवाळ्यात वेगळ्या ठिकाणी अशी त्यांची दोन घरे असत. हिवाळ्यातल्या घराला बालागान म्हणतात. बारीक ओंडके उभे, पण आतल्या बाजूला कललेले, असे लावून त्याच्या भिंती करीत. शरद ऋतूत त्यांवर बाहेरून माती आणि शेण यांचा जाड गिलावा चढवीत. आपल्या कुडाच्या भिंती आठवा. आपल्याकडे शेणमातीचे लिंपण ऊन-पाऊस झेलते, तिथे तेच थंडी अडवते. भिंतीच्या पायथ्याशी मातीचा बांध घालीत, त्यावर पुढे हिम साठे. गोठा घरालाच जोडलेला असे, त्यामुळे गुरांची ऊब घराला आणि घराची गुरांना. थंडी पडल्यावर खिडकीच्या जागी तळ्यातल्या स्वच्छ बर्फाची लादी बसवीत आणि कडा ओल्या हिमाने लिंपीत. ते हिम क्षणात गोठून पक्के होई. बर्फ काचेपेक्षा सुमारे दुप्पट चांगला उष्णतावाहक आहे, मग यात फायदा काय, असा प्रश्न वर्गात एखादा हुशार विद्यार्थी विचारील. उत्तर जाडीत आहे. काच दोन-तीन मिलिमीटरची, बर्फाची लादी तिच्या कितीतरी पट जाड.

पिण्याच्या पाण्याची तयारीही बर्फाचीच. नदी आणि तळी गोठू लागली, की बर्फाचे ठोकळे कापून रचून ठेवायचे आणि लागेल तसा ठोकळा घरात आणून वितळवायचा. खेड्यांतून ही पद्धत आजही चालते. उन्हाळ्यासाठी ठोकळे जमिनीखालच्या तळघरात ठेवतात. त्या तळघराला यंत्राने थंड करावे लागत नाही, कारण जमीनच गोठलेली आहे.

इथेच या शहराची अडचण दडली होती.

रशियन कोसॅकांनी लेना नदीच्या काठी आपला कोट बांधला तो १६३२ मध्ये. दहा-अकरा वर्षांनी वस्ती आजच्या जागी आली. विहीर खणायला गेले की उन्हाळ्यातही दोन-एक मीटरखाली दगडासारखी गोठलेली माती लागते, हे रहिवाशांना लवकरच कळले. ती किती खोल गोठली आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. फ्योदर शेर्गिन हा रशियन-अमेरिकन कंपनीचा तिथला कारभारी. त्याने १८२८ मध्ये आपल्या आवारात पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. तीस मीटर गेले तरी माती गोठलेलीच. तो काम सोडून देणार होता, पण तिथून जाणाऱ्या व्रांगेल या दर्यावर्दी संशोधकाने त्याला विज्ञानासाठी तरी खणत राहा असे सुचवले. शेर्गिनने खणले, तेही १८३७ पर्यंत. विहीर ११६.४ मीटर खोल गेली. पाणी लागले नाही. तळालाही माती गोठलेलीच होती.

युरोपातल्या पंडितांना हे खरे वाटेना. लिओपोल्ड फॉन बूख हा त्या काळातला मोठा भूवैज्ञानिक. ज्या प्रदेशात जंगल उभे आहे तिथे खालची जमीन कायम गोठलेली असणे त्याला अशक्य वाटत होते. आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण वस्तुस्थिती उलटी निघाली. याकुत्स्कला वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. ते पाणी खोल मुरून जात नाही, कारण खाली गोठलेला थर आहे. लार्च वृक्षांची मुळे उथळ पसरतात आणि तेवढ्या ओलीवर जगतात. गोठलेली जमीन नसती, तर एवढ्या पावसावर तिथे जंगल टिकणे कठीण होते.

सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ याला सायबेरियात पाठवले. १८४४ मध्ये तो याकुत्स्कला पोहोचला आणि शेर्गिनच्या विहिरीत उतरला. विहिरीतली हवा हिवाळ्यात थंड होते, तिच्यावरून जमिनीचे तापमान कळणार नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून भिंतीत आडवी भोके पाडून त्यांत तापमापक ठेवले. तळाजवळ तापमान उणे ३ अंश भरले. वर ते अधिक थंड होते. खाली जावे तसे तापमान चढत जाते, कारण पृथ्वीच्या पोटातून उष्णता वर येत असते. हा चढ पुढे वाढवला, तर शून्य अंश सुमारे दोनशे मीटरवर येईल असा अंदाज त्याने केला. आलेखाची रेषा मोजमापाच्या पलीकडे वाढवून उत्तर काढण्याचे हे जुने आणि सुंदर उदाहरण आहे. पुढे खोल छिद्रे पाडल्यावर शहराखाली गोठलेला थर दोनशे मीटरहून थोडा अधिक जाड निघाला. शेर्गिनची विहीर याकुत्स्कमध्ये अजून जपून ठेवली आहे. पाण्याचा एक थेंबही न देता इतकी उपयोगी पडलेली विहीर दुसरी नसावी.

या जमिनीला आज पर्माफ्रॉस्ट म्हणतात, म्हणजे निदान सलग दोन वर्षे शून्याखाली राहणारी जमीन. रशियात तिच्यावर पहिला मोठा ग्रंथ मिखाईल सुमगिन यांनी १९२७ मध्ये लिहिला. तोवर अनुभव पदरी भरपूर जमा झाला होता, आणि तो बहुतेक कडू होता. सायबेरियाच्या रेल्वेमार्गावर स्टेशनांच्या इमारती तडकल्या होत्या, पाण्याचे नळ जमिनीत गोठून फुटले होते, रूळ वर-खाली झाले होते.

कारण असे. गोठलेली माती काँक्रीटसारखी कठीण असते, पण तिचा बराच भाग बर्फ असतो. कुठे कुठे तर मातीत बर्फाच्या जाड पाचरी असतात. वर घर बांधले आणि हिवाळ्यात तापवले, की उष्णता जमिनीतून खाली जाते आणि घराच्या मधोमध वितळलेल्या चिखलाची एक वाटी तयार होते. वर्षागणिक ती खोल होते. घराचा मधला भाग खचतो, कडा तेवढ्या खचत नाहीत, आणि भिंतीला तडे जातात. घर जितके जास्त तापवाल तितके लवकर खचेल. बालागान हलके, बुटके, मातीच्या जमिनीचे होते; ते थोडे कलले तर पुन्हा लिंपायचे. ओंडक्यांच्या रशियन घरांनाही थोडे वाकणे परवडे. जुन्या याकुत्स्कमध्ये खिडकीच्या चौकटीपर्यंत जमिनीत बसलेली लाकडी घरे दिसत. विटांच्या किंवा काँक्रीटच्या चार-पाच मजल्यांना मात्र असे कलून चालत नाही. आपल्याकडे काळ्या मातीवर घर बांधणाऱ्यांना या दुखण्याची थोडी कल्पना येईल. तिथे ओल आत-बाहेर करून जमीन हलवते, इथे उष्णता हलवते.

बर्फ वितळू द्यायचा नसेल तर करायचे काय? जाड पाया घालणे, पायाखाली उष्णतारोधक थर देणे, हे उपाय उष्णतेचा वेग कमी करतात, तिला थांबवत नाहीत. पन्नास हिवाळे सतत तापणाऱ्या इमारतीखाली शेवटी चिखल होतोच. सोव्हिएत अभियंत्यांनी काढलेला मार्ग ऐकायला विचित्र वाटतो. त्यांनी इमारत जमिनीपासून उचलली आणि मधून बाहेरची थंड हवा खेळू दिली. याकुत्स्कचे वीजनिर्मिती केंद्र १९३७ मध्ये या तत्त्वावर उभे राहिले, आणि वीज केंद्राइतके गरम आणि जड बांधकाम टिकले, तेव्हा बाकीच्यांना भरवसा आला. पुढे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरात आले. गोठलेल्या जमिनीत आठ-दहा मीटरचे छिद्र पाडायचे, त्यात खांब उभा करून भोवती पातळ चिखल ओतायचा आणि थांबायचे. सिमेंटची वाट पाहावी तशी इथे चिखल गोठण्याची वाट पाहतात. चिखल गोठला की खांब जमिनीला जखडतो. मग जमिनीपासून मीटर-दोन मीटर उंचीवर पहिला मजला.

या मोकळ्या जागेचा गुण नुसता घराची उष्णता अडवण्यापुरता नाही. मोकळ्या मैदानावर हिवाळ्यात हिमाचा थर साठतो आणि तो गोधडीसारखा जमिनीला थंडीपासून राखतो. इमारतीखाली हिम पडत नाही, उन्हाळ्यात ऊनही पडत नाही. त्यामुळे तिथली जमीन शेजारच्या उघड्या जमिनीपेक्षाही अधिक गार होऊ शकते. गोठलेली माती जितकी गार तितकी तिची पकड घट्ट. म्हणजे नीट राखली, तर इमारत खाली पाया आणखी मजबूत करीत जाते.

बाकीचे शहरही याच नियमाने बांधले गेले. गरम पाण्याचे, पिण्याच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीवरून जातात, जाड उष्णतारोधक गुंडाळलेले. रस्ता आला की ते कमानीसारखे वर चढून पलीकडे उतरतात. केंद्रातून येणारे गरम पाणी घरोघर फिरते, खिडक्यांना दोन-तीन काचा असतात, दरवाज्याआड दुसरा दरवाजा. चाळिशीच्या खाली पारा (म्हणजे अल्कोहोल!) उतरला, की गाड्यांच्या आणि धुराड्यांच्या वाफेचे बर्फकण होऊन धुके रस्त्यावर बसते. शिक्षकांना हे ऐकून बरे वाटेल, की उणे पंचेचाळीसला लहान वर्गांना सुट्टी मिळते. मोठ्या मुलांना मात्र पारा पन्नाशीच्याही खाली जाण्याची वाट पाहावी लागते.

गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी संस्था याकुत्स्कला १९६० मध्ये स्थापन झाली. तिच्यापुढे आजचा प्रश्न वेगळा आहे. गेल्या अर्धशतकात शहराचे सरासरी वार्षिक तापमान दोन अंशांहून अधिक वाढले आहे. इमारती ज्या जमिनीच्या हिशोबाने बांधल्या, ती जमीन आता तेवढी गार राहत नाही. माझ्या मते मात्र हवामानाइतकाच दोष माणसाच्या सवयीचा आहे. इमारतीखालची मोकळी जागा रिकामी दिसते, म्हणून कोणी तिथे सामान ठेवतो, कोणी ती फळ्यांनी बंद करतो. नळ गळतो आणि कोमट, खारट सांडपाणी खांबाच्या बुडाशी मुरत राहते. खारट पाणी शून्याच्या बरेच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, हे आपण आइसक्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकताना वापरतो.

जिथे जमीन ऊबदार होऊ लागली, तिथे एक साधी युक्ती वापरतात. केरोसिन भरलेली बंद लोखंडी नळी अर्धी जमिनीत, अर्धी हवेत अशी उभी करायची. हिवाळ्यात वरचे केरोसिन थंड होऊन जड होते आणि खाली उतरते, खालचे त्या मानाने कोमट असलेले वर चढते आणि जमिनीची उष्णता हवेला देऊन टाकते. उन्हाळ्यात वरचे केरोसिन गरम आणि हलके असते, ते वरच राहते आणि फिरणे आपोआप थांबते. पंप नाही, झडप नाही, वीज नाही. शाळेत संवहन शिकवताना चंचुपात्र तळाशी तापवून दाखवतो, तसे एकदा वरून तापवून दाखवावे. खालचे पाणी किती वेळ थंड राहते ते पाहून मुलांना ही नळी लगेच समजेल.

एक गोष्ट उरली. जमिनीत उष्णता फार सावकाश उतरते. पृष्ठभागावरचा उन्हाळा दहा मीटर खोलीवर पोहोचायला साधारण सहा महिने लागतात, मातीप्रमाणे थोडे कमी-जास्त, आणि तोवर त्याचा जोर विसाव्या हिश्शावर आलेला असतो. त्यामुळे जानेवारीत, रस्त्यावर उणे चाळीस असताना, खांबांच्या बुडाशी गेल्या जुलैची ऊब नुकतीच येऊन पोहोचत असते.