वळिवड्याच्या बराकीत दादरा

समज, तुमच्या कॉलेजचा गट पोलंडला निघालाय. पिंपळे सौदागरमध्ये शिवार चौकाजवळच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये तालीम चालली आहे. ऐकायला येणार आहेत युक्रेनमधली कुटुंबं, २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटल्यावर सीमा ओलांडून आलेली. त्यात बहुतेक आया, आज्या आणि मुलं. कुणी म्हणतं, गोंधळ घेऊ. कुणाला लावणी हवी, कुणाला हिंदी सिनेमातली गाणी. तबला तुझ्याकडे आहे. सगळे बोलून झाले की तू ठेका धरणार.

पोलंडचं विमान थोडं थांबू दे. आधी तुला कोल्हापूरला नेतो, २४ डिसेंबर १९४५ च्या संध्याकाळी.

पुण्याहून निघालेली मीटरगेजची गाडी मिरजेवरून पुढं सरकते. डोळ्यांत कोळशाचा कण जातो, तू पदराने पुसतेस. रुकडी मागे पडतं, पंचगंगेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो आणि वळिवडे येतं. शिवारातली गुऱ्हाळं पेटलेली आहेत, हवेत काकवीचा वास आहे. पेटी एका हातात आणि डग्गा काखेत घेऊन तू उतरतेस. समोर कौलारू बराकींच्या रांगाच रांगा. भिंती चटयांच्या, पुढं ओसरी, ओसरीपुढं हौसेनं लावलेली फुलझाडं. सोनेरी वेण्यांच्या दोन मुली सायकलवरून जातात आणि आपसात पोलिश बोलत असतात.

इथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहतात. १९४३ पासून हे त्यांचं गाव आहे. शाळा त्यांच्या, चर्च त्यांचं, स्काउटची पथकं त्यांची, नाटकमंडळी आणि गायकवृंदही त्यांचेच. मनात ‘बिचारे’ हा शब्द घेऊन आली असशील, तर तो इथंच स्टेशनवर ठेव.

एका ओसरीवर तुला आत बोलावतात. नाताळच्या आदल्या रात्री पोलिश घरात जेवणाच्या मेजावर एक जागा रिकामी ठेवतात, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. आज ती तुझी. शेजारी बसलेली मुलगी तुझ्याच वयाची आहे. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ती हळूहळू सांगते. १० फेब्रुवारी १९४०. पहाटेच्या अंधारात सोव्हिएत शिपाई दारात. थोडंसं सामान, मग मालगाडीचा डबा आणि कित्येक दिवसांनी सैबेरिया. पुढच्या वर्षी जूनमध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला, तेव्हा कुठं करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांची पोलिश फौज उभी राहिली. तिच्याबरोबर बायकामुलंही १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तेहरान, कराची आणि मग हे करवीर. वाटेत धाकटा भाऊ गेला. वडील त्या फौजेत, इटलीत मोंते कासिनोला लढले.

‘मग आता युद्ध संपलं. घरी कधी?’ तू विचारतेस.

ती गप्प होते. उत्तर आई देते. त्यांचं गाव आता पोलंडमध्येच नाही. फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्यांनी नकाशावर रेघ मारली आणि पूर्वेकडचा सगळा मुलूख सोव्हिएत युनियनला गेला. युद्ध जिंकलेल्या बाजूची ही माणसं, पण परतायला त्यांना गाव उरलेलं नाही. मला याचा आजही राग येतो.

आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं. दारातली पोरं ओरडतात, दिसली! पांढऱ्या पापुद्र्यासारखी पवित्र पोळी हातोहात फिरते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तुकड्यातला कण मोडून घेतो आणि शुभेच्छा देतो. तुझ्याही तुकड्यातला कण आई मोडते.

आता तुझा हात पेटीकडे जातो. तू गाण्यासाठीच आली आहेस. पण थांब, आईनं सुरुवात केलीय.

‘लुलायझे येझुन्यू’. बाळ येशूसाठीचा हा पाळणा इतका जुना आणि इतका लाडका, की शोपॅननं आपल्या बी मायनर स्केर्त्सोच्या मधल्या भागात त्याची चाल घेतली. शेजारच्या खोलीतून दुसरा आवाज चटईच्या भिंतीतून येऊन मिळतो, मग तिसरा. अशा भिंतींच्या घरात कुणाला एकट्यानं गाता येत नाही. तीन मात्रांचं वजन आहे. तुझी बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागतात: धा धीं ना, धा तीं ना. दादरा! मुलगी बघते आणि खुणेनं डग्गा पुढं ओढायला सांगते. तू हलक्या हातानं वाजवतेस, अगदी हलक्या, कारण पाळण्यात बाळ झोपायचं आहे. पेटीचा भाता हलवल्याबरोबर आई मान डोलावते. अकॉर्डियन ऐकलेल्या कानाला पेटीतली रीड परकी नाही, दोन्हींच्या पोटात हवेनं थरथरणारी पट्टी तीच. पुढचं गाणं पोलोनेझच्या चालीचं, ठसक्यात. पुन्हा तीनच मात्रा, पण आता पाय आपटावेसे वाटतात.

तुझ्या गटाच्या यादीतलं एकही गाणं अजून झालेलं नाही, आणि आजची बैठक तुझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली आहे.

हांका ओर्दोनुव्ना हे नाव त्या मुलीला विचार. युद्धापूर्वी वॉर्साच्या रंगमंचावर गाजलेली ही गायिका. क्षयानं पोखरलेल्या देहानं तिनं अश्गाबादला अनाथ पोलिश मुलं सांभाळली आणि त्यांच्याबरोबर मुंबईला आली. मुलं आधी वांद्र्याला राहिली, मग जामनगरच्या जामसाहेबांनी त्यांना बालाचडीला नेलं. हांकानं पुढं त्या मुलांवर पुस्तक लिहिलं आणि १९५० मध्ये बैरूतला तिचा अंत झाला. मोठी गायिका होती ती, पण तिच्याविषयी मला खरा आदर वाटतो तो तिनं मुलांना धुतलं, भरवलं आणि मुक्कामाला नेलं म्हणून.

आता डोळे मीट आणि थोडी पुढं ये. १९४८. पोलिश माणसं कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आणखी कुठं पांगली आहेत. फुलझाडं आहेत, पण पाणी घालणाऱ्या बायका दुसऱ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना याच जागी आसरा मिळाला. ज्या वस्तीत परवा नाताळची गाणी ऐकलीस, तिथं लग्नघरातल्या बायका लाडा गाताहेत आणि झुलेलालचा गजर चाललाय. आज ही वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातले दुकानदार घाऊक कापड भरायला तिथंच जातात.

आणि तुझ्या घरापासून पवनेपलीकडे जो पिंपरी कॅम्प आहे, कपडे आणि मोबाइलची कव्हरं घ्यायला तू जातेस तो, त्याच्या नावातला कॅम्पही निर्वासितांचाच. तिथल्या एखाद्या आजींना त्यांच्या आईचा लाडा म्हणून दाखवायला कधी सांगितलंस का? तुमच्या गटातल्या कुणीच सांगितलं नसेल, तर परदेशाआधी तिथं जा.

आता शिवार चौकातल्या तालमीकडे वळू. माझं म्हणणं सरळ आहे: वेळेचा निम्मा भाग रिकामा ठेवा. गोंधळ म्हणा, संबळाचा नाद त्यांना आवडेल. पण चार गाणी झाली की खुर्च्या गोल करा आणि त्यांना गाऊ द्या. कुणी लगेच पुढं येणार नाही, त्यासाठी त्यांचं एक गाणं तुम्हाला यायला हवं. ‘श्चेद्रिक’ घ्या. मिकोला लेओन्तोविच यांनी जुन्या युक्रेनियन लोकगीतावरून बांधलेली ही रचना १९१६ मध्ये कीव विद्यापीठाच्या गायकवृंदानं पहिल्यांदा गायली. म्हणजे तीही तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या गळ्यातून बाहेर आली. लेओन्तोविच यांना १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं गोळी घातली. पुढच्याच वर्षी ही रचना न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ऐकली गेली, आणि आज जगभर नाताळात इंग्रजी शब्दांनी गातात ती हीच.

चाल चार सुरांची: कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार, षड्ज. पहिल्या मात्रेत गंधार, दुसरीत रिषभ आणि गंधार मिळून, तिसरीत षड्ज. हेच पुनःपुन्हा, आणि खालून बाकीचे आवाज चढत येतात. तीन मात्रा आहेत, तबला तुझ्याकडे आहे. पेटीवाल्याला आजच सांग, काळी चारमध्ये बसवून बघ, आणि शब्दांचे उच्चार त्यांच्याच एखाद्या मुलाकडून दुरुस्त करून घ्यायला जागा ठेव.